एकेचाळीस बाक

दमकाकांना खोटं बोलता येत नाही, ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती आणि बऱ्याच जणांना तिचा त्रासही होता. व्हिडिओ गेम तपासणं हे त्यांचं काम. एखाद्याने महिनाभर खपून रचलेला पूल त्यांच्या खेळातल्या हमालाच्या पायाखाली मोडला, की ते त्या माणसाच्या टेबलाशी जायचे आणि सांगायचे, पूल सुंदर झालाय, फक्त त्यावरून चालता येत नाही. आता यावर माणसाने रागवावं कसं? पूल मोडलेला असायचाच.

खेळाचं नाव ‘चढण’. तेवीस वर्षांत त्याचे सात भाग निघाले आणि सातही भागांत गोष्ट एकच. पाठीवर ओझं घेतलेला हमाल डोंगर चढतो. वळणावर दगडी बाक येतो. अंगठ्याने एक बटण दाबून धरलं की हमाल ओझं उतरवून बाकावर बसतो, सात सेकंदांत त्याचा दम परत येतो, बटण सोडलं की उठतो आणि चालू लागतो. दर भागात डोंगर बदलायचा, ओझं बदलायचं, हवा बदलायची. बाक मात्र तोच, आणि लोकांना त्या सात सेकंदांचं वेड होतं.

नव्या तपासनिसाला दमकाका पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवायचे. बाक दिसला की बसायचं, ही पहिली. दुसरी म्हणजे, हमाल बसला की आपण पडद्यावरून नजर काढायची. पाणी प्यायचं, बोटं मोडायची, शेजारच्याकडे बघायचं. तो दम घेतोय तर आपल्या डोळ्यांनीही घ्यावा. “दम घ्या, दम घ्या” हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की तेच नाव पडलं. खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल, तेवढंच.

एके काळी तपासनीस चार होते. सातवा भाग आला, लोकांनी तो दोन दिवस खेळून बाजूला टाकला, समीक्षकांनी ‘तेच ते आणि तेच ते’ असं लिहून अंग झटकलं, आणि मग ऑफिसात माणसं कमी होत गेली. शेवटी अकरा टेबलं उरली आणि तपासनीस एकटे दमकाका. आठवा भाग चालला नाही तर ती अकरा टेबलंही उचलली जाणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळे त्याच चेहऱ्याने कामावर येत होते.

या आठव्या भागाची सूत्रं साहेबांनी दिली होती दमकाकांच्या मुलीकडे.

ती याच खेळावर वाढलेली पोर. चार वर्षांची असल्यापासून बापाच्या मांडीवर बसून हमालाला चढताना बघायची. फक्त तिला बाक आवडायचा नाही. हमाल टेकला की ही पाय आपटायला लागायची, “पुढे चल ना, बाबा, पुढे चल.” आणि ते सात सेकंद दमकाका तिच्याकडे बघत हसत बसायचे. ती मोठी झाली, शिकली, त्याच ऑफिसात लागली, बापाच्याही वरच्या जागेवर गेली. तिथे ती त्यांना सगळ्यांसारखी ‘दमकाका’ म्हणायची आणि घरी ‘बाबा’. दोघांनाही त्याची गंमत वाटायची.

गंमत संपली ती आठव्या भागाच्या पहिल्या बैठकीत. मुलीने फळ्यावर हमाल काढला आणि बाकावर काट मारली. या भागात हमालाचा दम संपणारच नाही, तो थांबणारच नाही, असं तिचं म्हणणं. तिने ते नीट समजावून सांगितलं. जुने खेळणारे म्हातारे होताहेत आणि नवीन कोणी येत नाही. ज्याने पहिले सात भाग पाहिले नाहीत त्याला बाक म्हणजे नुसता खोळंबा वाटतो. दमकाका म्हणाले की लोक डोंगर चढायला येतच नाहीत, ते बसायला येतात, आणि माणूस दमून घरी आला की त्याची खुर्ची जागेवर असावी लागते.

“खुर्ची जागेवरच आहे, बाबा,” ती म्हणाली. “घरी येणारी माणसं संपली आहेत.”

‘बाबा’ निसटलं तिच्या तोंडून, आणि खोलीत कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच त्या भांडणाला काही तोड नव्हती. पण दमकाकांचा पारा चढला. सगळ्यांसमोर ते बोलून गेले, “हा भाग तोंडावर आपटणार, आणि त्या दिवशी मी मजेत बघत बसणार.”

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं. पण तोंडातून गेलेला शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

साहेबांनी कौल मुलीच्या बाजूने दिला. बाक मात्र तिने पुरते काढले नाहीत. दगड जागच्या जागी ठेवले, आणि कोणाला वाटलंच तर बटण दाबून हमालाला बसवता येईल असंही ठेवलं. बसून मिळणार काहीच नव्हतं. दाढीला, म्हणजे त्यांच्या मुख्य प्रोग्रामरला, हे अजिबात पटलं नव्हतं. काढायचं तर मुळापासून काढा, अर्धवट ठेवू नका, असं तो दोनदा म्हणाला. मुलीने विषय बदलला.

मग दमकाकांची पाळी आली. पायथ्यापासून शिखरापर्यंत एकेचाळीस बाक, नऊ तासांची चढाई. बाकीचे आपापलं वळण तेवढं तपासायचे, सगळा डोंगर चढणारा माणूस एकच. दमकाका चौदा वेळा चढले. यादीत एक कलम होतं, ‘एकदाही न बसता शिखर’. ते त्यांनी एकदा नाही, तीनदा केलं. मनात चोर होता, म्हणून जास्तच कसून केलं. बायकोजवळ त्यांनी कबूलही केलं की एखादी मोठी चूक सापडावी आणि हे सगळं थांबावं असं त्यांना रोज सकाळी वाटतं. चुका सापडल्या, दोनशे बारा. सगळ्या फुटकळ, सगळ्या दुरुस्त झाल्या. शेवटी त्यांनी अहवालात लिहिलं, ‘न बसता तीनदा शिखर गाठलं. दोष नाही.’ आणि खाली सही केली.

त्या दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, पोरीने काम चोख केलंय. तिसाव्या वळणानंतर वारा सुटतो ना, तिथे अंगावर काटा येतो. बायको म्हणाली, हे तिला सांगा की. दमकाका म्हणाले, सांगतो कधीतरी.

खेळ बाजारात आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून तक्रारींचा पाऊस सुरू झाला. शिखरावर पाऊल ठेवलं की पडदा पांढरा होतो. मग हमाल पुन्हा पायथ्याशी, पाठ रिकामी, सगळी चढाई पुसलेली. कोणाचे नऊ तास गेले, कोणाचे बारा. एका बाईने लिहिलं होतं की आजारपणात अंथरुणात पडून रोज थोडं थोडं चढत होते, आज पोचले आणि सगळं गेलं. मुलीने ते तिथेच टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं आणि पुढचं तिला वाचवेना.

विचित्र गोष्ट अशी की जुने खेळणारे मजेत होते. बाक निकामी केले म्हणून शिव्या देत होते, पण शिखरावर सुखरूप पोचत होते. पुसले जात होते ते नवे, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते.

दाढीने दुपारपर्यंत कारण शोधलं. जुन्या भागांत हमाल बाकावर बसला की चढाईची नोंद व्हायची. नव्या भागात ती आपोआप होत होती, पण जुन्यातला एक धागा तसाच राहून गेला होता. शिखरावर पोचल्यावर खेळ एकदा मागे वळून बघायचा की हा शेवटचा कुठल्या बाकावर बसला होता. एकदा कुठेही टेकला असला तरी चालायचं. पण कुठेच बसला नसेल, तर खेळाच्या लेखी तो माणूस चढलाच नव्हता. जुने लोक हाताच्या सवयीने कुठे ना कुठे बसलेच होते. नव्यांना बसायचं असतं हेच माहीत नव्हतं.

“म्हणजे न बसता कोणी चढलं असतं, तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं,” दाढी म्हणाला. आणि दहाच्या दहा माना दमकाकांकडे वळल्या.

काचेच्या खोलीत त्यांना बसवून रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक चाचणीचं रेकॉर्डिंग ठेवायचा नियमच होता, आणि तो दमकाकांनीच घालून दिलेला. ‘न बसता शिखर’, पहिली चढाई. हमाल पहिल्या बाकावरून पुढे गेला, दुसऱ्यावरून गेला, सहा बाक सोडले. सातव्यावर बसला. आणि मग आठव्यावर, नवव्यावर, थेट एकेचाळिसाव्यापर्यंत प्रत्येक बाकावर, न चुकता. दुसऱ्या चढाईत पाच सोडले, मग बसला. तिसरीत नऊ.

साहेब शांतपणे म्हणाले की पहिले सहा सोडलेत, म्हणजे न बसता जायचंय हे तुम्हाला माहीत होतं. मग बसलात कशाला? आणि वर ‘दोष नाही’ असं लिहिलंत?

दमकाका पडद्याच्या जवळ गेले. ते म्हणाले, मी बसलो नाही. पडद्यावर हमाल आरामात बसलेला होता. ते म्हणाले, मला आठवत नाही. हे तर आणखी वाईट दिसलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती. कोणीतरी दबक्या आवाजात त्या बैठकीतलं वाक्य आठवून दिलं, मजेत बघत बसणारं.

त्यांना घरी बसायला सांगितलं.

घरी बसणं म्हणजे काय ते त्यांना त्या आठवड्यात कळलं. फोन वाजला की ते धावायचे आणि नाही वाजला तरी उचलून बघायचे. नोकरी जाईल याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं, वयच झालं होतं. खेळ मागे घेतील, ऑफिस बंद होईल, याचं दुःख होतं. पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता तो एका गोष्टीपायी. आपला बाप आपलं काम बुडावं म्हणून गप्प बसला, असं पोरीला वाटत होतं. तिने तसं म्हटलं नव्हतं. ती आलीच नव्हती. तीन गल्ल्या सोडून राहणारी मुलगी, एक दिवसाआड डोकावणारी, ती आठ दिवस फिरकली नाही. दमकाका खिडकीशी उभे राहायचे, मग खुर्चीत बसायचे, मग पुन्हा उभे राहायचे. बायको एकदा वैतागून म्हणाली, “तेवीस वर्षांत तो हमाल या घरात जेवढा बसला तेवढे तुम्ही नाही बसलात. आता तरी बसा.” आणि मग तिलाच रडू आलं.

रविवारी दुपारी मुलगी आली. हातात एक कागद होता. आईशी ती दोन शब्द बोलली, पाणी नको म्हणाली आणि बापासमोर बसली. आई आत गेली, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही.

तिने सगळं एका दमात सांगितलं. खेळ बाजारात आणणाऱ्या वितरकाने खुलासा मागितला आहे, सोमवारी सकाळी दहापर्यंत. सगळ्या चमूलाच काम जमत नाही असं दिसलं, तर तो खेळ काढून घेणार आणि पुढे आपल्याशी संबंध ठेवणार नाही. पण एका माणसाने दोष माहीत असून लपवला असेल, तर त्या माणसाला काढून, दुरुस्ती करून खेळ चालू ठेवता येईल. साहेबांनी मजकूर तयार केला आहे. खाली दमकाकांची सही हवी. नाही दिली, तर रेकॉर्डिंग जोडून तिने स्वतः लिहून द्यायचं.

“मला सहीचं नाही विचारायचं,” ती म्हणाली. “मला एकदाच खरं सांगा. तुम्ही हे माहीत असून केलंत?”

घरात ती त्यांना कधी ‘तुम्ही’ म्हणत नसे.

दमकाका उठले. आठ दिवस त्यांनी याच गोष्टीवर डोक्याचा भुगा केला होता आणि त्यातून त्यांना एक धागा सापडला होता. तो सांगताना त्यांचा आवाज चढला, हात हलायला लागले. ते म्हणाले, बसवणारा मी नाहीच, खेळच हमालाला आपोआप बसवतोय. जुना एक धागा राहिला तसा दुसराही राहिला असणार. मी बटण दाबतच नाही. हा वेगळा दोष आहे, दाढीला सांग, तो शोधेल. रेकॉर्डिंगमध्ये पडदा दिसतो, माझा हात कुठे दिसतो? थांब, तुला दाखवतोच. तू पडद्याकडे बघू नकोस. माझ्या अंगठ्याकडे बघ.

त्यांनी खेळ लावला. मुलगी शेजारी येऊन बसली, गुडघ्यावर कोपर टेकून, त्यांच्या हाताकडे बघत. बऱ्याच वर्षांनी ती इतकी जवळ बसली होती.

पहिला बाक गेला. अंगठा बटणाच्या वर अधांतरी होता. “बघितलंस?” दमकाका म्हणाले. दुसरा गेला. तिसराही गेला. दमकाकांना हुरूप आला. चालता चालता ते बोलायला लागले. म्हणाले, तुला सांगायचं राहूनच गेलं, तिसाव्या वळणावरचा तो वारा फार चांगला जमलाय. सातही भागांत तसं काही नव्हतं. तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं.

“खरंच?” मुलीने विचारलं.

“खरंच,” असं म्हणून दमकाकांनी पडद्यावरून नजर काढली, तिच्याकडे वळून पाहिलं आणि हसले.

हमाल चौथ्या बाकावर बसला होता. ओझं शेजारी उतरवलेलं.

सात सेकंदांनी त्यांनी मान वळवली आणि आनंदाने जवळजवळ उडालेच. “हे बघ! बसला. बसला की नाही आपोआप? आणि मी दाबलं नाही. तू बघत होतीस ना? मी दाबलं का?”

मुलगी आणखी पुढे वाकली. तिचे डोळे त्यांच्या हातावरच होते, आणि आता ते भरून आले होते.

“दाबलंयस, बाबा,” ती म्हणाली. “अजून दाबलेलंच आहे.”

दमकाकांनी खाली पाहिलं. अंगठा बटणावर होता. नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला. तो आपलाच आहे की काय हे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलला आणि हमाल उठून चालू लागला. थोड्या वेळाने हमाल एका कठड्याला अडून जागच्या जागी पाय हलवत राहिला, कारण त्याला कोणी चालवत नव्हतं.

मुलीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. ती म्हणाली की तिला आता काही विचारायचं नाही. आणि मग तिने तिचं सांगितलं. दाढी दोनदा म्हणाला होता, बटण काढून टाक. तिने ऐकलं नाही. बटण काढलं असतं तर कोणाला बसताच आलं नसतं, आणि पहिल्याच चढाईत हे उघड झालं असतं. “तुझ्यासाठी ठेवलं होतं, बाबा. एवढं सगळं मोडलं, निदान तुला बसता यावं म्हणून. हे मी उद्या साहेबांना सांगणार आहे.”

दमकाकांनी हात तिच्या हातात तसाच राहू दिला. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळताना जे गेलं तेही कळलं होतं. ज्याला आपला अंगठा काय करतो ते ठाऊक नाही, तो काय तपासणार? मागचे कितीतरी अहवाल त्यांना आठवले, ‘दोष नाही’, ‘दोष नाही’, खाली सही. त्यातले खरे किती होते?

मग त्यांनी विचारलं की वितरकाला हे पटेल का? तपासनिसाचा हात त्याचं ऐकत नाही, आणि मुलीने बापासाठी बटण ठेवलं, असं लिहून दिलं तर तो काय म्हणेल?

तिने कागदाकडे पाहिलं. काय म्हणेल ते दोघांनाही कळत होतं. तो म्हणेल, यांना काम जमत नाही.

दमकाकांनी कागद पुढे ओढला. ‘सदर दोष मला पूर्णपणे माहीत होता. मी तो जाणूनबुजून लपवला.’ त्यांनी मजकूर दोनदा वाचला, सवयीने, चूक शोधत असल्यासारखा. मग पेन मागितलं.

“बाबा, हे खोटं आहे.”

“ते तुला माहीत आहे ना?”

तिने मान हलवली. पेन तिच्या पर्समध्ये होतं. ते काढायला तिला फार वेळ लागला, पण तिने काढलं. दमकाकांनी सही केली, आणि सही झाल्यावर शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. त्या वेळात तिला तो कागद ओढून घेता आला असता. तिने नाही घेतला. तिच्यासमोर अकरातली दहा टेबलं होती आणि अंथरुणात पडलेली ती बाई होती, आणि शेवटी तिचा आठवा भागही होता.

ती कागद घेऊन उठली. आई आतल्या दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. बाहेरच्या दारात मुलगी चपलेचा पट्टा लावायला वाकली ती उठेचना. पट्टा केव्हाच लागला होता.

दमकाका खुर्चीतूनच म्हणाले, “चल. पुढे चल.”

आणि ती गेली.